वावरात उतरलेले पाहुणे

विमानातून उतरून, सामानाची गाडी ढकलत, काळा चष्मा सावरत माणूस आमच्या चिकलठाण्याच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकतो, तेव्हा टॅक्सीवाले त्याला विचारतात, "टॅक्सी?" हॉटेलवाले विचारतात, "हॉटेल?" आणि सांडूनाना विचारतात, "कुनाकडं आलात?"

हा प्रश्न त्यांनी माझ्यादेखत एका न्यायाधीशांना विचारला आहे, एका सिनेमातल्या बाईंना विचारला आहे, आणि श्रीलंकेहून आलेल्या भिक्खूंच्या अख्ख्या रांगेला, एकालाही न वगळता, विचारला आहे. न्यायाधीश भले गृहस्थ होते. ते थांबले आणि म्हणाले, "वेरूळ."

"ते गाव झालं," नाना म्हणाले. "गाव नगं, मानूस सांगा."

मी शेजारीच पाहुण्याच्या नावाची पाटी घेऊन उभी होते. ते ऐकून मी इतकी हबकले, की पाटी उलटी कधी झाली ते मला कळलंच नाही. माझे पाहुणे आपलं नाव शोधत माझ्यासमोरून दोनदा निघून गेले. न्यायाधीश मात्र खरोखर विचारात पडले होते. वेरूळला आपलं कोण आहे, हे ते आठवत असावेत.

मी वंदना. वेरूळ-अजंठ्याची परवाना असलेली गाइड. माझं सगळं आयुष्य दोन वारांवर चालतं. सोमवारी अजंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद. येणारा माणूस दोन दिवस घेऊन येतो आणि त्यात त्याला वेरूळ, अजंठा, देवगिरी, मकबरा, पाणचक्की आणि जमलं तर पैठणला जाऊन पैठणीही हवी असते. हे सगळं मी मिनिटामिनिटाला बसवते. माझ्या बसवण्यात चहालाही ठरलेली जागा असते. अशा बाईच्या शेजारी देवानं सांडूनानांना राहायला दिलं, हा पहिला धक्का. बाकीचे सांगतेच.

विमानतळाच्या भिंतीपलीकडं नवी कॉलनी झाली, तिथं आम्ही घर घेतलं. कॉलनी संपते तिथं नानांचं जुनं पत्र्याचं घर. आम्ही राहायला आलो त्याच्या आधीच त्यांची बायको वारली होती. मूलबाळ नाही. जावई नाही, व्याही नाही, सुट्टीला येणारी नातवंडं नाहीत. नाना जन्मभर जवळच्या कारखान्यात लेथवर होते. तो बंद पडल्यावर ते रिकामे झाले आणि विमानतळावर उभे राहू लागले.

आमचं विमानतळ म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. सकाळी थोडी विमानं, संध्याकाळी थोडी, मधे सगळी सामसूम. दुपारी तिथं चिमण्यांचा आवाज येतो. पण जगातला माणूस लेणी बघायला याच दारानं आत येतो. आणि धावपट्टीचा एक तुकडा ज्या जमिनीवर आहे, ती जमीन एके काळी नानांच्या वडिलांची होती. एवढंच पुरलं.

"विमान कुठं टेकलं आज?" हे नाना मला रोज सांगतात. मी विचारत नाही, तरी सांगतात. "आज लवकर टेकवलं, बाजरीत." किंवा, "बाजरी सोडून पार हरभऱ्यात गेलं. नवा दिसतोय डायवर." धावपट्टीवर त्यांना डांबर दिसतच नाही. वळून परत येणारं विमान त्यांच्या लेखी बोरीपाशी वळतं. ती बोर आता कुठंच नाही.

एकदा मी वैतागून म्हणाले, "नाना, ती जमीन गेली. सरकारकडून मावेजा घेतला ना तुम्ही लोकांनी?"

"घेतला की," नाना म्हणाले. "जमिनीचा घेतला. पाव्हण्याचा नाय घेतला. मपल्या वावरात उतरलेला मानूस मपला पाव्हणा. त्यो उपाशी वाटंला लागला तर लोक कुनाला नावं ठेवतीन?"

मी हसून मान डोलावली. तिथंच चुकलं. कारण पुढच्याच आठवड्यात नाना टॉवेल-टोपी घेऊन आले.

आमच्याकडं पाहुण्याला मान द्यायचा तर टॉवेल, टोपी आणि नारळ द्यायची रीत आहे. लग्नात देतात, सत्कारात देतात. पण विमानतळाच्या दारात कुणी दिल्याचं मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी मी एका जर्मन प्राध्यापकांची वाट बघत होते. साडेसहा फूट उंच माणूस. ते दाराबाहेर आले, माझी पाटी बघून हसले, मी पुढं झाले, आणि माझ्या काखेखालून नाना पुढं घुसले. त्यांचा हात काही प्राध्यापकांच्या डोक्यापर्यंत पोचेना. प्राध्यापकांना वाटलं हा सरकारी स्वागताचा भाग आहे. ते गुडघ्यावर बसले. नानांनी त्यांना टोपी घातली, गळ्यात टॉवेल टाकला, हातात नारळ दिला आणि विचारलं, "कुनाकडं आलात?"

मला वाटलं आता आपला परवाना जातो. पण प्राध्यापक डोळ्यांत पाणी आणून फोटो काढून घेत होते. अनर्थ पुढंच झाला. मागून दिल्लीच्या दोन बायका आल्या आणि त्यांनी मला इंग्रजीत विचारलं, की आमचं स्वागत का नाही? तिकीट तर सारखंच काढलंय. त्यांच्या मागे हैदराबादचं एक कुटुंब येऊन उभं राहिलं. बघता बघता रांग लागली. नानांकडं टोपी एकच होती. ती त्यांनी प्राध्यापकांच्या डोक्यावरून उचलून पुढच्याच्या डोक्यावर ठेवायला सुरुवात केली.

बायकांचा प्रश्न निघाल्यावर नाना अडले. पुरुषानं ओटी भरायची कशी? दुसऱ्या दिवशी ते पिशवीत खण, गहू आणि नारळ घेऊन आले आणि गर्दीत मला म्हणाले, "ताई, तुमी भरा." समोर एक फ्रेंच मुलगी उभी. अंगात जीन्स आणि जाकीट, पदर नाही, ओटी घ्यायची कशात? पण नाना माझ्याकडं असे बघत होते की मी नाही म्हटलं तर चिकलठाण्याची अब्रू गेलीच. मुलगी हुशार. तिनं कॅमेऱ्याची बॅग उघडून पुढं धरली. मी तिच्या लेन्सांवर गहू घातले. ती अजूनही मला ख्रिसमसला मेल पाठवते, आणि त्यात लिहिते की दाणे अधूनमधून निघतातच.

हे झाल्यावर नाना दर वेळी आग्रह करायचे. "घरी चला. दोन घास खाऊन मग जा."

पाहुणे घड्याळाकडं बघायचे. मग माझ्याकडं बघायचे. मी म्हणायचे, "नाना, त्यांना लेणी बघायची आहेत."

"लेण्या कुठं पळून चालल्या का?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लेण्यांबद्दल त्यांना अनादर नव्हता. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. "मेलेल्या बादशहाचा किल्ला बघाया येत्यात विमानानं," ते म्हणायचे, "आन् जित्या मानसाकडं बसाया टाइम नाय. अजंठ्यात तो भगवान निवांत निजलाय. त्याला काई घाई नाय. हेच पळू लागलेत." मी अजंठ्याच्या त्या निजलेल्या बुद्धापुढं उभं राहून कितीतरी वर्षं माणसांना काळ आणि शैली सांगत आले आहे. नानांचं हे ऐकल्यापासून तिथं उभं राहिलं की माझं मनगट आपोआप मागं जातं, घड्याळ दिसू नये म्हणून.

तर नानांना एकच हवं होतं. विमानातून उतरलेला एक तरी माणूस त्यांच्या घरी जेवून जावा. हे विमानतळावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक होतं, गेटवरच्या जवानाला ठाऊक होतं, कॉलनीतल्या भाजीवालीला ठाऊक होतं. आणि आजवर एकही माणूस हो म्हणाला नव्हता. संध्याकाळी नाना एकटेच परत येताना दिसले की पारावरची त्यांच्या वयाची मंडळी विचारायची, "काय सांडू, किती पानं वाढली आज?"

नाना शांतपणे सांगायचे, "आज नाय जमलं. त्यांचं आदीच ठरलेलं व्हतं."

मग कुणीतरी तक्रार केली. कुणी ते कळलं नाही. एका साहेबांना नानांचा प्रश्न फार खासगी वाटला म्हणे. जवानानं नानांना बाजूला घेऊन समजावलं, "बाबा, अब बस करो. फिर शिकायत आई तो मैं गेट के पास खड़ा नहीं होने दूँगा." पोरगा भला होता, त्यालाही जड गेलं. मी मनातून सुटकेचा श्वास सोडला, हे लपवत नाही. नाना मात्र कोमेजले. चार दिवस ते पार्किंगच्या टोकाला, लिंबाखाली उभे राहिले आणि लांबून बघत राहिले. पाचव्या दिवशी माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "ताई, आजच्या दिस तुमच्याजवळ हुबा ऱ्हातो. एकच इचारतो. नाय म्हनला तर गुमान जातो घरी. पुन्यांदा नाय यायचो."

तो सोमवार होता. माझ्या पाटीवर नाव होतं शेफाली सेन. कोलकात्याच्या निवृत्त शिक्षिका, एकट्याच. माझ्या हिशेबानं त्या दिवशी दुपारी वेरूळ, मंगळवारी अजंठा, बुधवारी सकाळचं विमान. सोमवारचं वेरूळ हुकलं तर हुकलंच, कारण मंगळवारी ते बंद. मी नानांना हे आधीच बजावून ठेवलं होतं. "विचारा, पण लवकर विचारा," असं मी म्हणाले.

बाई आल्या. बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, पायात कापडी बूट, पाठीला शाळकरी मुलांसारखी पिशवी. बाहेर कडक ऊन आणि त्यांच्या गळ्याभोवती मफलर. मी नमस्कार केला. नाना पुढं झाले. जवान दुसरीकडं बघू लागला.

"किसके घर कू आये, बाई?"

शेफालीबाई थांबल्या. त्यांनी या प्रश्नाचा खरंच विचार केला. मग म्हणाल्या, "किसी के घर नहीं. यहाँ मेरा कोई नहीं है."

"तो मेरे घर कू चलो. खाना खाके जाव."

मी तोंड उघडलं, नेहमीचं वाक्य तयार होतं. पण बाईच आधी बोलल्या. "चोलिए," त्या म्हणाल्या. "इतने एअरपोर्ट पर उतरी हूँ, सब पूछते हैं टैक्सी चाहिए, होटल चाहिए. किसके घर आई हूँ, ये तो किसी ने पूछा नहीं."

माझ्या हातातली पाटी पडली. टॅक्सीवाले बोलायचे थांबले. जवान वळून बघू लागला. मी नानांकडं पाहिलं. मला वाटलं होतं ते आनंदानं टोपी उडवतील. तर नानांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला होता.

"आत्ता?" नाना म्हणाले.

"आत्ता म्हणजे? तुम्हीच तर बोलावलंत."

"व्हय, व्हय," नाना म्हणाले आणि गाडीच्या उलट्या दिशेनं चालू लागले.

त्यांना धरून गाडीत बसवलं. घर तिथून हाकेच्या अंतरावर. पण नानांनी ड्रायव्हरला आधी मारुतीच्या देवळाकडं न्यायला सांगितलं. तिथं बाईंना घंटा वाजवायला लावली. मग कुणाची तरी विहीर दाखवली. मग एक चिंच. चिंचेबद्दल सांगण्यासारखं काहीच नव्हतं, तरी ते तिच्याखाली बराच वेळ बोलले. जन्मभर लेण्या कुठं पळून चालल्या का म्हणणारा माणूस एका चिंचेखाली पाहुणीला अडकवून बसला होता, आणि मी घड्याळाकडं बघत घामाघूम झाले होते.

"नाना, झालंय काय तुम्हाला?" मी शेवटी दटावलं.

"काई नाय. आता जाऊ की."

घरापाशी आल्यावर किल्ली सापडेना. ती त्यांच्या करगोट्याला बांधलेली होती आणि ते सगळे खिसे चाचपत होते. शेवटी दार उघडलं. घर मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी नीटनेटकं होतं. शहाबादी फरशी झाडलेली, खाटेवर धुतलेली गोधडी, कोपऱ्यात शेगडी. शेफालीबाई निवांतपणे बूट काढून खाटेवर टेकल्या. नानांनी बाह्या सारल्या आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं. पिठलं टाकलं, तव्यावर मिरच्या भाजून तिथंच रगडल्या. हात सराईत होता. मला जरा हायसं वाटलं. ताटं घ्यावीत म्हणून मी उठले आणि भिंतीवरच्या मांडणीकडं वळले.

मांडणी रिकामी होती.

अशी मांडणी मी कुणाच्याच घरी पाहिली नव्हती. लोखंडी मांडणी, ताटांचे खण, वाट्यांचे खण, पेल्यांच्या खुंट्या, सगळं कोरडं, पुसलेलं, आणि त्यात एकच ताट. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये असतं तसलं खणाखणाचं. एक पेला. एक चमचा. बास. मी खाली वाकून बघितलं, शेगडीमागं बघितलं, फळीवर बघितलं. अख्ख्या विमानाला जेवायला बोलावणाऱ्या माणसाच्या घरात एका माणसाचंही दुसरं ताट नव्हतं.

नाना माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "त्यास्नी पहिलं वाढू. मी मागून खातो. तुमी बी मागून."

"नाना," मी तशाच हळू आवाजात विचारलं, "मग लोकांना कशाला बोलावत होता रोज?"

"येत नव्हतंच की कुनी."

"म्हणजे?"

"ठावं असतंय ताई आपल्याला. त्यांचं आदीच ठरलेलं असतंय. ते नाय म्हनत्यात. पर इचारलं का मानूस थांबतंय. आपल्याकडं बघतंय. दोन शबुद बोलतंय. माझं तेवढ्यावर भागत व्हतं." त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "ही बाई हो म्हनंल म्हून कुनाला ठावं व्हतं?"

"पण भांडी कुठं गेली? संसार केलात ना एवढा?"

भाकरी फुगली, ती नानांनी उतरवली, दुसरी टाकली. मग तव्याकडं बघतच म्हणाले, "सगळ्या भांड्यांवर नाव व्हतं ना."

आता हे आमच्याकडच्या कुणालाही सांगावं लागत नाही. भांडं घेतलं की दुकानात त्याच्यावर नाव घालून घ्यायचं. घरच्या बाईचं नाव. लग्नात आलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचं. माझ्या घरी तर तीन पिढ्यांची नावं धुवून मी रोज पालथी घालते.

"घास घ्याया वाकलो का काठावर नाव," नाना म्हणाले. "पानी प्याया तांब्या उचलला का नाव. जन्मात मी कदी त्या नावानं हाक मारली नाय तिला. आन् ती गेल्यावर घरात जिथं बघावं तिथं तेच. जेवन जाईना. मंग पुतणीच्या लग्नात दिऊन टाकली सगळी. हे एक कॅन्टीनचं ठिवलं. ह्याच्यावर कायबी नाय."

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू? मी पदर तोंडाला लावला आणि ठसका लागला म्हणून बाहेर पडले. धावतच घरी गेले, हाताला लागतील ती ताटं, वाट्या, पेले पिशवीत भरले आणि परत आले. वेरूळ माझ्या डोक्यातून तेव्हाच गेलं होतं.

आम्ही तिघं पंगतीला बसलो. शेफालीबाईंनी ठेच्याचा मोठा घास घेतला. त्या लाल झाल्या, डोळ्यांतून धारा लागल्या, मफलर सुटला. मी पाण्याचा पेला घेऊन धावले. त्यांनी हातानंच थांबवलं आणि आणखी ठेचा मागितला. नाना आ वासून बघत राहिले. पिठलं बाईंनी दोनदा घेतलं. जेवता जेवता त्यांचं लक्ष ताटाच्या काठाकडं गेलं.

"ये क्या लिखा है?"

"माझ्या सासूबाईंचं नाव," मी हिंदीत सांगितलं. "आमच्याकडं घरच्या बाईचं नाव घालतात."

"कितनी अच्छी बात," त्या म्हणाल्या आणि नानांकडं वळल्या. "आपकी पत्नी का नाम क्या है?"

माझा घास हातातच राहिला. नानांनी मान खाली घातली. "वो... हमारे घर के लोग," ते पुटपुटले. जुनी माणसं बायकोचा उल्लेख असाच करतात. बाईंना ते समजलं नाही. त्या म्हणाल्या, "हाँ, घर के लोग, पर नाम?"

"भाकर लेव," नाना म्हणाले आणि त्यांच्या ताटात अख्खी भाकरी टाकली.

जेवणानंतर रीतीप्रमाणं नाना म्हणाले, "आता जरा आडवं व्हा. ऊन उतरल्यावर जाव." हे वाक्य आमच्याकडं प्रत्येक यजमान म्हणतो, आणि प्रत्येक पाहुणा नको नको म्हणत उठतो. शेफालीबाईंना ही रीत कुठून माहीत असणार? त्या "आच्छा" म्हणाल्या, खाटेवर आडव्या झाल्या आणि झोपल्या. पहाटेपासून विमानं बदलत आलेल्या बाई. मी थिजून बघत राहिले. माझ्या नोकरीत पाहुणा पहिल्यांदाच माझ्यासमोर झोपला होता, तेही वेरूळच्या वेळेत. नाना उंबऱ्यात बसून राहिले. गल्लीतून मोटारसायकल गेली की हातानं खुणावायचे, हळू. पारावरची मंडळी एकेक करून लांबून डोकावून गेली. आज कुणी पानं मोजली नाहीत.

ऊन कललं तेव्हा बाई उठल्या. मी अपराध्यासारखं सांगितलं, की वेरूळ आता नाही व्हायचं, उद्या बंद, परवा तुमचं विमान. त्या हसल्या. "तो अगली बार," त्या म्हणाल्या. "बहन को भी लाऊँगी. दोनों यहीं खाएँगे." आणि नानांना वाकून नमस्कार केला. नाना दोन पावलं मागं सरकले.

मंगळवारी मी त्यांना अजंठा दाखवला. बुधवारी सकाळी त्या विमानानं गेल्या. त्यांना सोडायला नाना आले नाहीत. विमानतळावरही नव्हते. गुरुवारीही नाहीत. शुक्रवारी जवानानंच मला विचारलं, "बाबा कहाँ हैं? मैंने मना तो नहीं किया था." टॅक्सीवाले अस्वस्थ. लिंबाखाली कुणी नाही. माझ्या मनात नाही नाही ते आलं. पाहुण्यांना गाडीतच बसवून मी नानांच्या दारात जाऊन उभी राहिले.

नाना धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून, पिशवी घेऊन कुलूप लावत होते.

"बरं झालं आलात," ते म्हणाले. "तुमाला सुट्टी कदी हाय? कासारी बाजारात जायचं हाय. एकट्याला भांड्यातलं कळत नाय."

शनिवारी आम्ही गेलो. नानांनी दुकानातलं प्रत्येक ताट हातात घेऊन, वाजवून, पालथं करून बघितलं. सहा ताटं घेतली, सहा वाट्या, सहा पेले. "बाई बहिनीला घिऊन येनार हाय," त्यांनी दुकानदाराला सांगितलं. "मंग मला, तुमाला, ड्रायव्हरला लागंल का नाय?" दुकानदारानं मान डोलावली, ताटं रचली, नाव कोरायचं यंत्र जवळ ओढलं आणि सुई सुरू केली. घरघर होऊ लागली.

"नाव काय टाकू?"

नाना माझ्याकडं बघू लागले. "ताई, सांगा त्याला."

"मला कुठं ठाऊक आहे, नाना?" मी म्हणाले. खरंच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं शेजार, पण मी ते नाव कधी ऐकलंच नव्हतं. कॉलनीत नव्यांना माहीत नाही आणि जुने वहिनी म्हणायचे.

"मग तुमचंच टाकू का, नाना?" दुकानदार म्हणाला. "टाकतात आजकाल."

"नाय, माझं नगं. घर तिचं हाय."

सुई घरघरत होती. मागं दुसरं गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. नानांनी टोपी काढली, पुन्हा घातली. कपाळावर घाम आला होता. मला वाटलं, आता हे राहू दे म्हणतील आणि ताटं तशीच घेऊन जातील.

"कडूबाई," नाना म्हणाले.

हळू म्हणाले, पण स्पष्ट. दुकानदारानं ताट सुईखाली घेतलं. "कै. घालू का पुढं? का सौ.?"

"नुसतं कडूबाई."

पहिलं ताट झालं. नानांनी ते हातात घेऊन काठावरून अंगठा फिरवला आणि मला धरायला दिलं. दुकानदाराला नाव एकदा सांगून पुरलं असतं. पण दुसरं ताट सुईखाली गेलं तसे नाना पुढं वाकून पुन्हा म्हणाले, "कडूबाई." तिसऱ्याला म्हणाले, चौथ्याला म्हणाले. दुकानदारानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मग तो प्रत्येक नव्या ताटाला, नानांचं म्हणून होईपर्यंत, सुई थांबवून धरू लागला.